औषधाला ओढ कुणाची? तेलाची की पाण्याची?

पावसाळ्यात हॉस्टेलवर एक गोष्ट अगदी फुकट मिळते, गजकर्ण! माझ्या रूममेटनं डॉक्टरला न विचारताच मेडिकलमधून ट्यूब आणली. खाज थांबली, पण दोन आठवड्यांत चट्टा दुप्पट. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. तिथे त्याला इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मिळाल्या आणि बजावून सांगितलं, 'जेवण झाल्या झाल्या घ्यायच्या.' जेवणानंतरच का?

उत्तर दडलंय लिपोफिलिसिटीत, म्हणजे औषधाला स्निग्ध पदार्थांची किती ओढ आहे यात. पेशीचं स्निग्ध पटल ओलांडायला थोडी ओढ हवीच. फार झाली, तर औषध पोटात नीट विरघळतच नाही.

ही ओढ मोजायची जुनी पद्धत म्हणजे ऑक्टेनॉल आणि पाणी एकत्र हलवायचं, कुठे किती औषध गेलं ते बघायचं. फार स्निग्ध औषधांसाठी हे जिकिरीचं. म्हणून वापरतात एचपीएलसी, फार्मसीवाल्यांचं लाडकं यंत्र! त्यातल्या स्टीलच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, सिलिकाचे बारीक कण असतात आणि त्यांना 18 कार्बनच्या साखळ्या चिकटवलेल्या असतात. पंप त्यातून मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण ढकलतो. पाण्यात रमणारा रेणू सटकन बाहेर पडतो, स्निग्ध रेणू साखळ्यांपाशी रेंगाळतो. वाटेतल्या प्रत्येक टपरीवर थांबणारा मित्र लेक्चरला उशिरा पोहोचतो ना, अगदी तसंच! लॉग पी आधीच माहीत असलेल्या पदार्थांच्या वेळेशी ही वेळ ताडली, की नव्या रेणूच्या लॉग पीचा अंदाज येतो.

फ्लुकोनॅझोलचा लॉग पी साधारण 0.5, तर इट्राकोनॅझोलचा 5 च्या वर. म्हणजे पहिलं ऑक्टेनॉलमध्ये पाण्याच्या जेमतेम तिप्पट, दुसरं लाखपटीहून जास्त! म्हणूनच फ्लुकोनॅझोल मेंदूभोवतीच्या द्रवातही सहज पोहोचतं. इट्राकोनॅझोल त्वचेत, नखांत साठून राहतं. आणि कॅप्सूल पोटात विरघळायला त्याला जेवणाची सोबत लागते.

पण नुसती ओढ पुरत नाही. टर्बिनाफिनही चांगलंच स्निग्ध आहे. तरी भारतात पसरलेल्या 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' या बुरशीवर ते अनेकदा चालत नाही, कारण ते ज्या एन्झाइमवर मारा करतं, तेच बुरशीनं बदलून टाकलंय. म्हणून नवे रेणू हवेत, आणि त्यांनाही या कॉलमची परीक्षा चुकणार नाही.

तोवर आपल्या हातात काय? टॉवेल वेगळा ठेवा. आणि ट्यूब आणायची ती डॉक्टरला विचारूनच!