हिशेबाच्या वहीत नसलेला देणगीदार

निवडणुकीत पैशाची खरी चणचण सुरुवातीला भासत नाही, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भासते. माझी सगळी नोकरी सहकारी बँकांच्या तपासणीत गेली. रोजकीर्द, खतावणी, व्हाउचरच्या फायली हेच माझं वाचन. त्यातून एक सवय लागली. भानगडीचा वास आला की ज्या दिवशी रोकड कमी पडली, तो दिवस आधी काढायचा. नको तो पैसा बहुधा त्याच सुमारास आत आलेला असतो. अमली पदार्थांचा पैसा एखाद्या देशाच्या राजकारणात कसा शिरतो, असं कुणी विचारलं तर मी कोलंबियाची १९९४ची अध्यक्षीय निवडणूक काढते आणि तिथेही आधी तेच शोधते.

२९ मे १९९४ला मतदानाची पहिली फेरी झाली. लिबरल पक्षाचे एर्नेस्तो साम्पेर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे आन्द्रेस पास्त्राना, दोघांनाही ४५ टक्क्यांच्या आसपास मतं. फरक वीस हजार मतांहूनही कमी. दुसरी फेरी १९ जूनला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांवर. गाड्या, कार्यकर्ते, टीव्हीवरच्या जाहिराती, सगळं पुन्हा उभं करायचं आणि हातात पैसा नाही. प्रचाराचे खजिनदार सांतियागो मेदिना यांनी पुढे तपास यंत्रणेला जी जबानी दिली, ती नेमकी या दिवसांबद्दल आहे. पैसा काली शहरातून, तिथल्या कोकेन टोळीकडून आला, असं त्यांनी सांगितलं. नोटांची खोकी भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून राजधानी बोगोताला पाठवली जात. एकूण रक्कम साठ लाख डॉलरच्या घरात. साम्पेर दीडेक लाख मतांनी निवडून आले.

पैसा देणारे हिल्बेर्तो आणि मिगेल रॉड्रिगेझ ओरेहुएला हे भाऊ दिसायला गुंड नव्हते. देशभर पसरलेली औषधांच्या दुकानांची साखळी त्यांची होती, शहरातल्या बड्या फुटबॉल क्लबवरही त्यांचा हात होता. मेदेयीनच्या पाब्लो एस्कोबारचं काय झालं, ते त्यांनी पाहिलं होतं. एस्कोबार १९८२मध्ये स्वतःच संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांनी त्याच्या पैशाचा उगम विचारला, ‘एल एस्पेक्तादोर’ या वृत्तपत्राने त्याच्या जुन्या अटकेची बातमी पुन्हा छापली आणि त्याला राजकारण सोडावं लागलं. मग त्याने बंदूक काढली. ३० एप्रिल १९८४ला लारा बोनिया मारले गेले. १९८६च्या डिसेंबरात त्या वृत्तपत्राचे संपादक गिल्येर्मो कानो मारले गेले. १८ ऑगस्ट १९८९ला अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांना भर सभेत गोळ्या घातल्या. शेवटी सरकार हात धुऊन मागे लागलं आणि डिसेंबर १९९३मध्ये एस्कोबार मेदेयीनमध्ये मारला गेला.

कालीवाल्यांचीही माणसं मारायची तयारी होती, पण राजकारणात त्यांनी चेकबुक पुढे केलं. निवडून येण्याची त्यांना गरज नव्हती. निवडून येणाऱ्याने आपली आठवण ठेवावी, एवढंच पुरे होतं.

हे उघडकीला आलं ते एका ध्वनिफितीमुळे. दुसऱ्या फेरीच्या ऐन तोंडावर पास्त्राना यांच्या हाती टेलिफोनवरचं संभाषण लागलं. एका पत्रकाराशी बोलताना हिल्बेर्तो साम्पेर यांच्या प्रचाराला द्यायच्या पैशांची गोष्ट करत होता. निकाल लागल्यावर ती फीत देशाने ऐकली, तरी चौकशी काही आठवड्यांतच गुंडाळण्यात आली. पुढे नवे मुख्य अभियोक्ता अल्फोन्सो वाल्दिव्हिएसो यांनी १९९५मध्ये ती पुन्हा उघडली. प्रकरणाला फाइलच्या क्रमांकावरून ‘प्रक्रिया ८०००’ असं नाव पडलं.

फीत नाकारता येते, हिशेब नाकारणं जड जातं. टोळीचा मुनीम गिल्येर्मो पायोमारी हा मूळचा चिलीचा. कालीमधल्या त्याच्या कार्यालयावर पोलिसांचा छापा पडला आणि कागद हाती आले. नुसत्या नावापुरत्या कंपन्या, त्यांच्या खात्यांवरचे चेक आणि ते कुणाला दिले त्यांची नावं. बेकायदा धंद्यालाही चोख हिशेब लागतो, कारण मालकाचा नोकरावर भरवसा नसतो. त्या नोंदींच्या आधारे एकामागून एक खासदार तुरुंगात गेले. देशाचे महालेखापरीक्षक दाविद तुर्बाय यांनाही बेहिशेबी संपत्तीबद्दल शिक्षा झाली. सरकारी पैशाचा हिशेब तपासणारा माणूसच विकला गेला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. पायोमारी अमेरिकेला शरण गेला. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला टोळीने पळवून मारलं.

या पैशाच्या बदल्यात काय मिळतं? बहुतेक वेळा कायद्यातली एखादी ओळ. डिसेंबर १९९५मध्ये संसदेत एका विधेयकात गुपचूप कलम घुसवण्यात आलं. मूळ तस्करीचा गुन्हा आधी सिद्ध झाल्याशिवाय बेहिशेबी संपत्तीचा खटला चालवायचा नाही, असा त्याचा अर्थ होता. ते पार पडतं तर ‘प्रक्रिया ८०००’ तिथेच संपली असती. वृत्तपत्रांनी बोंब ठोकली आणि कलम बारगळलं. आरोपींना अमेरिकेच्या ताब्यात देण्यावर १९९१च्या राज्यघटनेने बंदी घातली होती. ती १९९७मध्ये उठली खरी, पण जुन्या गुन्ह्यांना सूट देऊनच.

साम्पेर यांची बाजूही सांगितली पाहिजे. रॉड्रिगेझ बंधू पकडले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९९५मध्ये. पैसा आला असेल तर माझ्या पाठीमागे आला, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं. त्यांचे प्रचारप्रमुख आणि नंतरचे संरक्षणमंत्री फर्नांदो बोतेरो यांनी मात्र तुरुंगातून सांगितलं की साम्पेर यांना ठाऊक होतं. बोगोताचे आर्चबिशप पेद्रो रुबियानो यांचा टोला तर घरोघरी पोचला. घरात हत्ती शिरला तर तो दिसणारच, असं ते म्हणाले. १२ जून १९९६ला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १११ विरुद्ध ४३ मतांनी साम्पेर यांच्यावरची चौकशी बंद केली. निवाडा करणाऱ्यांतल्या काहींची स्वतःचीच चौकशी चालू होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने साम्पेर यांचा व्हिसा रद्द केला.

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, यावर कोलंबियात अजून वाद होतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. नेत्याला पैशाचा उगम कळू नये, अशीच प्रचाराची रचना असते. खजिनदार एक, प्रचारप्रमुख दुसरा, उमेदवार तिसरा. बँकेतही मोठ्या अफरातफरीत सही करणारा, रोकड मोजणारा आणि फायदा घेणारा वेगवेगळे असतात. प्रत्येकाला आपापल्यापुरतं अज्ञान सोयीचं असतं. म्हणून माहीत नव्हतं हा बचाव कायद्याने मानताच कामा नये. पैसा ज्याच्या नावावर खर्च झाला, त्यानेच त्याचा हिशेब द्यायला हवा.

आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. वीस हजार रुपयांपर्यंत देणाऱ्याचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावं लागत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराला देणगीदार कळला पाहिजे या हक्कापोटी. आपल्या पक्षांकडे कोकेनचा पैसा येतो असं मी म्हणत नाही. निनावी पैशाला आत यायला वाट ठेवली की त्या वाटेने कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही, एवढंच कोलंबियाने दाखवून दिलं.

उपाय तपासणीतला सगळ्यात जुना आहे : रोजच्या रोज नोंद आणि ती उघड. पक्षाने आज किती घेतले आणि कुणाकडून, हे मतदानाच्या आधी मतदाराला पाहता आलं पाहिजे. निकालानंतर सादर केलेला ताळेबंद हा फक्त इतिहास असतो. साम्पेर यांच्या प्रचाराची रोजकीर्द जूनच्या त्या तीन आठवड्यांत लोकांसमोर असती, तर काय करायचं ते कोलंबियाच्या मतदारांनी मतपेटीतच ठरवलं असतं. आपण ती मागणी आपल्या प्रत्येक पक्षाकडे, आपल्या आवडत्या पक्षापासून सुरुवात करून, केली पाहिजे.