आईचें दूध आणि रोजची गोळी

मातेच्या दुधाविषयीं आपल्या समाजांत जेवढा आदर आहे, तेवढीच एच. आय. व्ही.ची बाधा झालेल्या मातेच्या दुधाविषयीं भीति आहे. निदान कळतांच घरांतील वडील मंडळी बाळाला आईपासून दूर करतात आणि बाटली आणावयास माणूस धाडतात. या भीतीस आधार नाहीं असें नाहीं. परंतु तिच्यापोटीं योजिलेला उपाय पुष्कळदां बाळाच्या जिवावर बेततो, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

हा विषाणु रक्ताप्रमाणें दुधांतही उतरतो. कोणताच उपाय केला नाहीं, तर बाधित मातांच्या दर १०० मुलांपैकीं १५ ते ४५ मुलांना बाधा होते. कांहींना गर्भांत, कांहींना प्रसूतीच्या वेळीं, तर कांहींना अंगावरील दुधांतून. मग दूधच तोडलें म्हणजे झालें, असें सहज वाटतें. पुण्याच्या ससून रुग्णालयांतील एका पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्यें प्रसिद्ध झाले. वरच्या दुधावरील बाळांना पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयांत ठेवण्याची पाळी अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षां पुष्कळच अधिक वेळां आली, असें तींत दिसून आलें. बाटली, बूच, पाणी व हात यांपैकीं एकही अस्वच्छ राहिलें, कीं हगवण लागते. आणि आईच्या दुधाबरोबर मिळणारी प्रतिकारशक्तीची शिदोरी त्या बाळाजवळ नसते.

मग दूध चालू ठेवून विषाणूस अडवितां येईल काय? पुण्याचें बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, इथिओपिया व युगांडा येथें झालेल्या प्रयोगांत बाळांना नेव्हिरापिन हें औषध सहा आठवडे रोज पाजण्यांत आलें. २००८ मध्यें त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मतः निर्दोष असलेल्या या बाळांपैकीं सहाव्या आठवड्यापर्यंत २.५ टक्के बाधित झालीं. एकच मात्रा मिळालेल्या बाळांत हें प्रमाण ५.३ टक्के होतें. परंतु सहाव्या महिन्यापर्यंत हा फरक तितका स्पष्ट राहिला नाहीं. औषध थांबलें होतें, दूध मात्र चालू होतें. बोध उघड आहे : जोंवर दूध, तोंवर औषधाचें कवच. पुढें आफ्रिकेंतील अनेक देश व भारत मिळून झालेल्या प्रयोगांत प्रकृतीनें बऱ्या असलेल्या मातांनीं रोज गोळ्या घेतल्या, किंवा त्यांच्या बाळांना रोज औषध पाजलें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणें, वर्षाअखेर दर १००० बाळांमागें सुमारें ६ बाळांनाच दुधांतून बाधा झाली.

भारतांत २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस जन्मभर विनामूल्य औषध देण्याचें धोरण आहे. बाळालाही जन्मापासून किमान सहा आठवडे पातळ औषध देतात.

ही गोळी विषाणूचा निःपात करीत नाहीं. ती त्याची वाढ रोखून धरते. गोळ्या चुकत गेल्या, कीं रक्तांतील औषध उतरतें, दडून बसलेला विषाणु डोकें वर काढतो आणि दुधांतही वाढतो. खंड वारंवार पडल्यास औषधाला दाद न देणारा विषाणु निपजतो, व तोच बाळाकडे जाऊं शकतो. म्हणून गोळी रोज, ठरलेल्या वेळींच घ्यावी. चुकलीच तर आठवतांच घ्यावी. दुसऱ्या दिवशीं दोन एकदम घेऊं नयेत. नियमित औषधानेंही धोका अगदीं शून्य होतो असें नाहीं. तो फार थोडा उरतो.

धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याकडे पाहिलें, म्हणजे हा साधा नियम पाळणें किती कठीण आहे तें कळतें. पश्चिमेकडील डोंगराळ पाड्यांतून अनेक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत उतरतात. उसाच्या फडावर गोळ्या संपल्या, तर ओळखीचें केंद्र दूर राहिलेलें असतें. निघण्यापूर्वींच केंद्रांत सांगितलें, तर पुरेशा गोळ्या बरोबर मिळण्याची किंवा नव्या ठिकाणाजवळच्या केंद्रांतून त्या घेण्याची सोय होऊं शकते. शहरांतील सुशिक्षित घरांत अडचण निराळी; तेथें सून गोळी पिठाच्या डब्यांत लपविते. लपविलेली गोळी चुकण्याचा संभव अधिक.

दुसरा नियम घरांतील आजीबाईंनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचें दूध द्यावें. पाणी, मध, घुटी, वरचें दूध कांहीं नको. वैद्यानें दिलेलें औषध मात्र चुकवूं नये. अंगावरील व वरचें अशीं दोन्ही दुधें घेणाऱ्या बाळांना बाधा अधिक होते, असें दक्षिण आफ्रिकेंतील दरबान येथील १९९९ च्या अभ्यासांत आढळलें. वरच्या अन्नानें आंतड्याच्या कोवळ्या अस्तरास इजा होऊन विषाणूस वाट मिळत असावी, असें तज्ज्ञ मानतात. स्तनाग्रास भेगा पडल्या किंवा स्तन सुजले, तर त्वरित वैद्यास दाखवावें. पुढें दूध तोडावयाचें तेंही एकाएकीं नव्हे, हळूहळू.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यांत होते व अखेरचा निर्णय अठराव्या महिन्यानंतर कळतो. तोंवरचे दीड वर्ष त्या आईला एकटीनें काढावें लागूं नये. २०१७ च्या कायद्यानें तिच्या आजाराची वाच्यता तिच्या संमतीवांचून करण्यास सामान्यतः मनाई केली आहे. परंतु घरांतील वागणूक कायद्यानें घडत नाहीं. सासूनें वेळेवर गोळीची आठवण दिली आणि पतीनें स्वतःची तपासणी करून घेतली, तर त्या बाळाच्या रक्षणाचा मोठा भार घरच्या घरींच उचलला जाईल.