फोन तापला तर काय करायचं?

राज्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचा कारभार नवी मुंबईत, बेलापूरच्या रायगड भवनातून चालतो. या कारभारातल्या हजारो सेविकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयात परत नेऊन दिले. फोन जुने, रॅम दोन जीबीची, आणि त्यावर पोषण ट्रॅकर चालवायचं. फोन तापायचा, अडकायचा, नोंद अर्धी राहायची. दुरुस्तीचा खर्चही सेविकेच्याच माथी. त्यांची तक्रार रास्तच होती, असं आम्हाला वाटतं.

हाच ताप आता बचत गटाच्या ताईंनाही आहे. हिशेब फोनवर, पैसे फोनवर, मालाचे फोटो फोनवर. म्हणून फोन का तापतो ते आधी बघू.

फोनमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतूनच बाहेर पडते. त्यावर जाड कव्हर म्हणजे वैशाखात गोधडी! त्यात चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल केला, तर बॅटरी आणि आतलं यंत्र दोन्ही एकदम तापतात. आणखी एक कारण बऱ्याच जणींच्या ध्यानात येत नाही. रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. डोंगराकडच्या पाड्यावर नुसता खिशात ठेवलेला फोनही गरम लागतो, तो यामुळे. तिथं काम नसेल तेव्हा विमानाच्या चित्राचं बटण दाबून ठेवा. फोन येणार नाहीत, पण बॅटरीही टिकेल आणि फोनही गार राहील.

फोन तापलाच, तर आधी चार्जर काढा. कव्हर काढा. उघडी राहिलेली ॲप, हॉटस्पॉट, लोकेशन बंद करा. मग सावलीत, गार फरशीवर पालथा ठेवा, वर पंखा सोडा. घाई असेल तर सरळ बंद करा. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडतो. नोंदी शक्यतो सकाळी उरका, आणि फोटो काढताना फोन उन्हात धरून ठेवू नका.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. ओलं फडकं नको, माठाला टेकवणंही नको. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच गार झालेल्या फोनमध्ये पाणी सुटतं, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जावंच लागतं.

रात्री उशीखाली किंवा अंथरुणात चार्जिंगला ठेवायची सवय मोडा. पोरांना तर तसं झोपूच देऊ नका. चुलीजवळच्या फळीवर, टपावर, उन्हात उभ्या गाडीतही फोन नको. उन्हात बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते. चार्जर कंपनीचा किंवा बीआयएस नोंदणीची खूण असलेला घ्या.

आणि फोनची पाठ फुगली, पडदा वर उचलला गेला किंवा उग्र वास आला, तर तो फोन वापरायचा नाही, चार्जिंगला तर मुळीच नाही. फुगा सुईने टोचून किंवा दाबून बसवायचा नाही. बॅटरी पेट घेते. फोन बंद करून घराबाहेर, कडबा-सरपणापासून दूर, मातीवर किंवा वाळूवर ठेवा आणि मग दुकानदाराकडे न्या. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका, त्याच्याकडेच द्या.