ध्वनिपेटी आणि वर्ध्याचा निकष

इ. स. 1929 च्या जुलै महिन्यात अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, आणि त्या जाहीरनाम्यात जी कलमे घातली, ती यंत्रविद्येच्या कोणत्याही विद्यार्थ्याने आजही वाचावी अशी आहेत. चरखा वजनाने हलका असावा, खेड्यातील सामान्य झोपडीत तो हाताने अथवा पायाने चालावा, स्त्रीला त्यावर फारसे श्रम न होता आठ तास काम करता यावे, त्याची किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, आणि योग्य निगा राखली असता त्याने 20 वर्षे चाकरी करावी, अशा त्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या गणेश काळे यांच्यासारख्या कल्पक माणसांनी त्या ईर्ष्येने यंत्रे घडविली. परंतु सर्व कलमांस उतरणारे यंत्र न मिळाल्यामुळे पारितोषिक कोणाच्याच पदरी पडले नाही.

घरच्या घरी स्पीकर बांधण्याच्या विषयात या जाहीरनाम्याचे स्मरण करण्यास कारण आहे. स्पीकरचे सुटे भाग, म्हणजे खालच्या स्वरांचा वूफर, वरच्या स्वरांचा ट्वीटर, या दोहोंत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे सामान आणि पेटीचा नकाशा, यांचा संच मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवरून, आणता येतो वा टपालाने मागविता येतो, आणि वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील गृहस्थ तो आपल्या पडवीत बसून जुळवू शकतो. मात्र वर्धा जिल्ह्यात असा उद्योग करणाऱ्यास एक प्रश्न टाळता येत नाही, कारण हाताने काय करावे आणि कारखान्यावर काय सोपवावे, याचा देशातील सर्वांत कसोशीचा विचार याच भूमीत झाला. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत पडले, जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार सांभाळला, आणि 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. यंत्रमात्राला गांधीजींचा विरोध होता, हा समज वस्तुतः अपुरा आहे. शिवणयंत्राला त्यांनी 1924 मध्येच अपवाद मानले होते, आणि ते यंत्र बनविण्यास कारखाना लागणार हेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केले होते.

स्पीकरच्या बाबतीत ही विभागणी निसर्गानेच करून ठेवली आहे. आज घरोघरी आढळणारा शंकूचा स्पीकर ज्या रचनेवर उभा आहे, तिचे प्रमाणभूत विवेचन जनरल इलेक्ट्रिकच्या राईस व केलॉग यांनी 1925 मध्ये केले. पुढे थोड्याच वर्षांत नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीने काँग्रेसच्या अधिवेशनांत कर्णे बसविले, आणि 1931 च्या कराची अधिवेशनासारख्या अफाट जनसमुदायापर्यंत वक्त्याचा शब्द पोहोचू लागला. शंकूच्या बुडाशी असलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या ज्या फटीत हालते, ती फट मिलिमीटरच्या अंशांत मोजावी लागते. हे काम कारखान्याचे. घरी ते करू पाहणे हा हट्ट होय. परंतु शंकू पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढून घेतो, आणि या दोन लहरी परस्परविरोधी असल्यामुळे उघड्यावर ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज नष्टप्राय होतो. म्हणून त्याला पेटी हवी, आणि पेटी मात्र सर्वथैव सुताराची आहे.

ती किती मोठी असावी हा दीर्घकाळ अनुमानाचा विषय होता. एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी या सर्व प्रकरणाला गणिताची शिस्त लावली. त्यामुळे आज ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर वा ट्वीटरच्या, तपशीलपत्रकावरून पेटीचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. समजा, पत्रकात वूफरचा व्हीएएस (शंकूच्या टांगणीइतकीच लवचीक असणारी हवा) 20 लिटर, क्यूटीएस (अनुनादाची तीव्रता सांगणारा त्याचा एकूण क्यू) 0.4 आणि मूळ अनुनाद 45 हर्ट्झ दिला आहे, आणि बंद पेटीत एकूण क्यू 0.707 असावा अशी आपली इच्छा आहे. 0.707 ला 0.4 ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग करावा, म्हणजे 3.12 येतात, त्यातून एक वजा करून उरलेल्या 2.12 ने 20 ला भागले की पेटीचे आकारमान सुमारे 9.4 लिटर निघते. आतून 18 सेंटिमीटर रुंद, 30 उंच आणि 17.4 खोल पेटी नेमकी एवढी भरते. तिचा अनुनाद 80 हर्ट्झच्या आसपास येतो. काळी एक स्वरात लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झवर असतो, म्हणजे तो मूळ स्वर चार-साडेचार डेसिबलने क्षीण होईल, पण त्यावरचे उपस्वर शाबूत राहतील. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावेत असा विचार मांडला. घनफळ, वर्ग आणि संगीत एका फळीवर आणणारे हे काम त्या विचारापासून दूर नाही.

लाकडाच्या निवडीत जिल्ह्याचे हवामान आपला अधिकार गाजविते. बोरच्या रानात सागवान आहे, म्हणून अखंड सागाची पेटी करण्याचा मोह होतो. पण वैशाखातील भट्टीसारख्या उन्हानंतर आषाढाची ओल आली की रुंद फळी आडवी फुगते व आक्रसते, सांधा उकलतो, आणि बंद पेटीस तर केसाएवढी फटही घातक असते. एमडीएफ कापण्यास उत्तम, मात्र न रंगविलेली कड ओल शोषून सुजते. सबब 18 मिलिमीटरचे पाणीरोधक प्लायवूड घ्यावे, आत एक आडवा आधार द्यावा आणि त्याचे व ड्रायव्हरचे आकारमान हिशेबात वाढवावे. सांध्याची खातरजमा सोपी आहे : वूफर बसवून शंकू चारही बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलावा, सोडल्यावर तो सावकाश परतला तर पेटी घट्ट, तत्काळ उसळला तर कोठेतरी गळती आहे असे समजावे.

पेटीच्या पोटात भरण्यास तंतुमय पदार्थ लागतो, आणि ज्या हिंगणघाटचे नाव कापसाच्या व्यापारात एके काळी इंग्लंडपर्यंत गाजले, त्याच्या जिल्ह्यात तो बाहेरून विकत मागविण्याचे प्रयोजन नाही. नीट पिंजलेला कापूस सैल भरला की आतील प्रतिध्वनी शमतात आणि पेटी थोडी मोठी असल्याप्रमाणे वागते. तो ओलीने गोळा होऊन खाली बसू नये, म्हणून विरळ कापडाच्या पिशवीत भरून मागच्या भिंतीला ठोकावा. पुढच्या जाळीस सैल विणीची खादी चालते. ओठांशी धरून फुंकर मारली असता ती विनाअडथळा पलीकडे गेली पाहिजे.

क्रॉसओव्हर हे या कामातील खरे विद्वत्तेचे प्रकरण. 8 ओहमच्या भागांना 3000 हर्ट्झवर विभागायचे तर ट्वीटरच्या वाटेत सुमारे 6.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरच्या वाटेत 0.42 मिलिहेन्रीचे वेटोळे, असे पाठ्यपुस्तक सांगते; इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे ते वेटोळे फेरे मोजून घरी गुंडाळताही येते. परंतु ड्रायव्हरचा अडथळा प्रत्येक स्वरावर निराळा असतो, त्यामुळे नुसत्या सूत्राने आलेले आकडे कानास क्वचितच पटतात. संचाची किंमत मोजावी ती याच कारणासाठी, की कोणी जाणकाराने मोजमाप करून ही जुळणी आधीच ठरविलेली असते. तीत आपल्या बुद्धीने फेरफार करण्याची घाई करू नये.

आता 1929 च्या कलमांवर या पेटीचा निवाडा करू. किमतीच्या कलमावर ती बहुधा नापास होईल, कारण घाऊक खरेदी करणाऱ्या कारखान्याशी एकटा गृहस्थ बरोबरी करू शकत नाही. स्वदेशीच्या कसोटीवरही, चुंबक व ड्रायव्हर अनेकदा परदेशी असल्याने, तिला निम्मेच गुण द्यावे लागतील. मात्र झोपडीत काम चालावे आणि 20 वर्षे टिकावे, या दोन कलमांवर ती निःसंशय उत्तीर्ण होते. शंकूची कड फोमची असेल तर ती उष्ण-दमट हवेत काही वर्षांत भुगा होते, म्हणून रबराची घ्यावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने मूल्य सोडतो, तो बदलावा. बाकी सर्व सांधे, स्क्रू आणि डाख बांधणाऱ्याच्या ओळखीचे असतात. याउलट, तयार साउंडबारमध्ये एखादी पट्टी जळाली की बहुधा सगळी वस्तू भंगारात जाते.

म्हणून वाचकांस सुचवावेसे वाटते, की पैसा वाचेल या आशेने या वाटेला जाऊ नये. घरातील एक तरी यंत्र आतून-बाहेरून आपल्याला कळावे, बिघडल्यास आपल्याच हाताने दुरुस्त व्हावे, अशी इच्छा असेल तर अवश्य जावे. पहिली पेटी बंद प्रकारची व दोन ड्रायव्हरांची असावी, संपूर्ण तपशीलपत्रक हाती आल्याखेरीज ड्रायव्हर घेऊ नये, आणि फळी कापण्यापूर्वी आकारमानाचा हिशेब घरातील मुलांकडून करवून घ्यावा.