‘दिवस गेलेत’ म्हणजे काय?

आमच्या महिला मंडळात आरोग्याच्या प्रश्नांना मोबाइलवर उत्तरं देणारा चॅटबॉट सुरू करायचं ठरलं. बनवणारा मुलगा ओळखीतलाच, हुशार. “काकू, सगळं तपासलंय, सोमवारी उद्घाटन करून टाकू,” म्हणाला. मी म्हटलं, थांब बाबा. नैवेद्याचा स्वयंपाक सोडला, तर चाखल्याशिवाय आपण पानात काही वाढतो का?

माझ्या मनात अमेरिकेतलं एक प्रकरण होतं. तिथे खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ या संस्थेचा ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट होता. उपाशी राहून खंगलेल्या मुलींनी जिथे आधार शोधायचा, तिथेच तो वजन घटवायचे, कॅलरी मोजायचे सल्ले देऊ लागला. २०२३ च्या मे महिन्यात संस्थेला तो बंद करावा लागला. चाचणी झाली होती ती आधीच्या, ठरीव उत्तरं देणाऱ्या टेसाची. नंतर त्यात स्वतः वाक्यं रचणारं एआय आलं. म्हणजे तपासला एक, आणि लोकांसमोर आला दुसराच!

मग आम्ही पाच जणी आठवडाभर प्रश्न विचारत बसलो. मुलाने छापील मराठीत तपासलं होतं. बायका तसं थोडंच बोलतात? एकीने लिहिलं, “कावळा शिवलाय, पोट दुखतंय.” उत्तर आलं, चोच लागलेली जागा साबणाने धुवा. हसून पुरेवाट झाली. पण पुढचं वाचून हसू पळालं. “मला दिवस गेलेत, पोटात कळा येतायत,” यावर त्याने ‘गेलेल्या दिवसांचं दुःख करू नका’ अशी समजूत घातली आणि ओवा चावायला सांगितला. अशा बाईने तडक दवाखाना गाठायला नको का?

लोहाच्या गोळीचा प्रश्न पाचदा विचारला. चार वेळा “चहाबरोबर घेऊ नका,” पाचव्यांदा “चालेल.” चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे आपण किती घरांतून सांगत फिरतो! मुलगा म्हणाला, तो पाठ केलेलं सांगत नाही, दर वेळी शब्दाला शब्द जोडत नवं उत्तर रचतो. म्हणजे एकदा बरोबर आलं, एवढ्याने भागत नाही.

आता वही घातलीय. डावीकडे बायकांच्या तोंडचे प्रश्न, उजवीकडे उत्तर कसं हवं ते. “नवरा मारतो” म्हटलं की १८१ नंबर आलाच पाहिजे, कळांना १०८. त्याने काहीही बदललं, की वही पुन्हा पहिल्या पानापासून. काल १२० पैकी सात चुकले. मुलगा जरा रुसलाय. उद्घाटनाचा नारळ अजून कपाटातच आहे.