रांगेतले पाऊल

खमीस मुशैत हे मूळचे गुरुवारच्या बाजाराचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंच असल्याने जेद्दा-रियाधची होरपळ येथे नाही. मध्यंतरी एका सौदी सहकाऱ्याच्या घरच्या लग्नात या असीर भागाचा ‘खुतवा’ पाहिला. खुतवा म्हणजे पाऊल. पुरुषांची एक रांग, खांद्याला खांदा आणि सगळ्यांचे पाऊल एक. पाहता पाहता मन थेट सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या पटांगणावर गेले!

साल १९९४. मी आठवीत होतो. चोवीस मुलांचे आमचे लेझीम पथक. हलगी कडाडली की मास्तरांचे हुकूम सुटत : चार आवाज! पवित्रा! आगे फलांग! १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम झाली, हे मास्तर दर दोन दिवसांनी सांगत. लेझीम चोवीस हातांत, पण आवाज एकच निघाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

तालुक्याच्या स्पर्धेत ‘पीछे फलांग’ला माझा पाय एक ठोका आधी पडला. भर मैदानात माझ्या एकट्याच्या चकत्या खळखळल्या. शेजारच्या मित्राने ते ओळखले, स्वतःचे पाऊल आखूड टाकले आणि मला सावरून घेतले. पण त्यात तोही चुकला. आमचा नंबर गेला.

परतताना एस.टी.त कोणी बोलेना. मी रडवेला होऊन त्याला म्हटले, “तू कशाला चुकलास?” तो म्हणाला, “अरे, तू एकटाच दिसला असतास. आता दोघं दिसलो, एवढंच.”

पुढे मी इकडे आलो. पहिल्याच वर्षी काम बंद पडले आणि तीन महिने पगार नव्हता. खोलीतल्या चौघांनी माझे भाडे भरले, मेसचे पैसेही दिले. त्यांच्या घरी त्या महिन्यांत मनीऑर्डरी कमी गेल्या असणार. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मला मात्र एस.टी.तले ते वाक्य आठवत राहिले.

त्या लग्नात यजमानांनी मला हाताला धरून रांगेत ओढले. दुसऱ्याच ठोक्याला मी चुकलो. शेजारचे म्हातारबुवा हसले आणि मंडळी, त्यांनी आपले पाऊल जरा आखूड टाकले!