सायकलला पायडल कोणतं बसवावं?

मुलासाठी सायकल घेताना आपण रंग बघतो, गिअर बघतो, सीटची उंचीही बघतो. पायडलकडे मात्र ते तुटल्यावरच लक्ष जातं. पण पाय पायडलवरून सटकला तर नडगी सोलते, आणि भर रस्त्यात तोल गेला तर त्याहून वाईट. म्हणून आधी एवढंच बघा: मूल पायात काय घालून शाळेत जातं?

बहुतेक मुलं कॅनव्हासचे बूट किंवा सँडल घालतात, पावसाळ्यात प्लास्टिकची चप्पल. अशा पायांना रुंद, सपाट पायडलच हवं. चवडा त्यावर पूर्ण टेकला पाहिजे. जुन्या काळ्या सायकलींना असतात ते रबरी ठोकळे पायाला मऊ लागतात, पण झिजून गुळगुळीत झाले की ओला तळवा धरत नाहीत. तेव्हा बदलाच. दातेरी कडांचं प्लास्टिकचं पायडल स्वस्त नि हलकं, शाळेपुरतं उत्तम. टोकदार धातूच्या खिळ्यांचं पायडल डोंगरवाटेवर छान पकड देतं, पण उघड्या नडगीला लागलं तर चांगलंच कापतं. मुलांना नकोच.

शर्यतीतले खेळाडू बूट पायडलमध्ये अडकवतात. बर्नार्ड इनो यांनी १९८५ ची टूर द फ्रान्स असल्याच पायडलवर जिंकली. यात पाय सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते. गर्दीत पटकन पाय टेकवावा लागणाऱ्या मुलासाठी हे नाही, मग त्याने कितीही हट्ट धरू दे.

दुकानात जाताना जुनं पायडल सोबत न्या, कारण आट्यांची मापं वेगळी असतात. मोठ्या सायकलींना बहुधा ९/१६ इंच. एकाच दांड्यातून वाकवलेला क्रँक असलेल्या लहान सायकलींना १/२ इंच.

आणि विज्ञानाच्या तासाला दाखवण्याजोगी गंमत: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! पायाचा भार आसाभोवती फिरत राहतो, त्याने आस क्रँकमध्ये कणाकणाने फिरतो. आटे सुलटे असते तर डावं पायडल चालवता चालवताच सुटलं असतं. आसाच्या टोकावर एल (डावं) किंवा आर (उजवं) कोरलेलं असतं, ते वाचूनच बसवा. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या पुढच्या दिशेला ओढला की दोन्ही पायडलं घट्ट होतात. सुरुवात हातानेच करा. चुकीच्या बाजूचं पायडल जोर लावून घुसवलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात, आणि छोट्या पायडलपायी क्रँकचाही खर्च पडतो.

पैसे देण्याआधी आस धरून पायडल फिरवून बघा. खरखर लागली किंवा ते आडवं डुगडुगलं, तर दुसरं मागा.